कूलर बंद करा आणि मारिओ ऐका : गेमचं संगीत आणि विसरलेल्या विनोदी मालिकांकडे वळणाऱ्यांसाठी

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला अंबाजोगाईला आला होता. दुपारी सगळे कूलरसमोर आडवे आणि मी आतल्या खोलीत हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेलो. त्यानं हेडफोनची एक बाजू ओढून स्वतःच्या कानाला लावली आणि म्हणाला, "मामा, हे तर मारिओचं हाय. गेम तर चालूच न्हाई, मग ऐकायलाव काय?"

त्याला त्या दुपारी जे सांगितलं ते इथं क्रमानं लिहून काढतो. व्हिडिओ गेमसाठी बनवलेलं संगीत आणि टीव्हीवर येऊन गेलेल्या, पण आता कुणी नाव काढत नाही अशा विनोदी मालिका, या दोन गोष्टींवर माझा फार जीव आहे. आमच्या घरात दोन्ही एकाच टीव्हीतून आल्या. रात्री त्याच्यावर मालिका लागायची आणि रविवारी दुपारी त्याच टीव्हीच्या अँटेनाच्या जागी गेमची वायर खोचली जायची. घरच्यांच्या लेखी दोन्ही म्हणजे वेळ घालवायचे धंदे. मला मात्र त्यांत पहिल्यापासून एकच कारागिरी दिसत आली, ती वेळ साधण्याची. सूर कधी यावा, वाक्य कधी पडावं, मधली शांतता किती लांबवावी. हे ऐकायला आणि बघायला शिकता येतं. त्यासाठी संगीत शिकलेलं असावं लागत नाही, गेम खेळता यावा लागतो असंही नाही.

पायरी पहिली : ऐकायची जागा नीट करा

वायरवाले साधे हेडफोन घ्या, महागडे नकोत. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. इतका छोटा स्पीकर खालचे, खर्जातले सूर बाहेर टाकूच शकत नाही आणि जुन्या गेमच्या संगीताचा अर्धा जीव त्या खालच्या सुरांत असतो. फोनवर ऐकून "हे काय ट्याँव ट्याँव" म्हणणाऱ्यानं अर्धीच धून ऐकलेली असते.

दुसरं, कूलर बंद करा. आपल्याकडं उन्हाळ्यात हे सांगणं सोपं नाही, मला माहीत आहे. पण कूलरची घरघर नेमकी त्या खर्जावरच बसते आणि त्याला खाऊन टाकते. पाच मिनिटं घाम येऊ द्या, किंवा सरळ पहाटे ऐका. मी पहाटेच ऐकतो.

पायरी दुसरी : एकच धून, चार वेळा

सुरुवात 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्या मैदानाच्या धूनेपासून करा. गेम १९८५ चा, संगीतकार कोजी कोंडो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत २०२३ साली ही धून घेतली. त्या यादीत गेलेलं हे गेमचं पहिलं संगीत. पण ही मोठेपणाची गोष्ट बाजूला ठेवा. सुरुवात इथून करायची कारण ही धून आपल्या सगळ्यांच्या कानात आधीपासून आहे, आणि जे पाठ आहे त्याचीच उकल करणं सोपं जातं.

हा गेम ज्या यंत्रासाठी बनला, त्या जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉममध्ये आवाजाच्या फक्त पाच वाटा होत्या. दोन वाटांमधून चौकोनी लहरीचे सूर, एकीतून त्रिकोणी लहरीचा खर्ज, एकीतून नुसता खरखरीचा आवाज आणि पाचवी वाट ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. मारिओमध्ये ती पाचवी वापरलेलीच नाही. म्हणजे चार जणांचं भजनी मंडळ समजा. एक मुख्य गाणारा, एक त्याच्या मागं सूर धरणारा, एक पखवाजवाला आणि एक टाळकरी. पूर्ण गेम, चित्रं-संगीत-सगळं मिळून, ४० केबीचा. आज सकाळी व्हॉट्सॲपवर आलेला शुभप्रभातचा फोटो त्याहून जड असतो.

आता धून चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त मुख्य सुरावट, ही आपोआप ऐकू येते. दुसऱ्यांदा तिच्या मागच्या चौकोनी सुराला धरा. तो पहिल्याच्या जवळून चालतो, त्यामुळं निसटतो. निसटला तर थांबवून मागं घ्या. तिसऱ्यांदा वरचं सगळं सोडून द्या आणि त्रिकोणी खर्जाच्या मागं जा. या वाटेची गंमत अशी की तिचा आवाज लहान-मोठा करायची सोयच यंत्रात नव्हती. सूर लावायचा किंवा बंद करायचा, एवढंच हातात. म्हणून कोंडोंनी त्या खर्जाला उड्या मारायला लावल्या. आवाज कमी करता येत नाही तर मधे जागा सोडली, आणि त्या सोडलेल्या जागांमुळंच ऐकणाऱ्याचा पाय हलतो. चौथ्यांदा खरखर ऐका. टाळकरी कुठं डुलतोय ते कळेल.

एवढं झालं की त्याच गेममधली पाण्याखालची धून लावा आणि बोटावर मोजा. मैदानातली धून चारात, म्हणजे चार-चार मात्रांत होती, ही तीनात आहे. पाण्यात मारिओ धावू शकत नाही, तरंगतो. ताल बदलून तरंगणं दाखवलंय. पाण्याचा एकही आवाज न वापरता पाणी! आमच्या घरी पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तो भाग रात्री उशिरापर्यंत पुन्हापुन्हा खेळत राहिलो होतो. जिंकायचं नव्हतं, नुसतं पाण्यात राहायचं होतं.

मग प्रत्यक्ष खेळताना दोन गोष्टी तपासा. मारिओनं उडी मारली की उडीचा आवाज येतो आणि त्या क्षणापुरता मंडळातला एक गडी गप्प होतो. वाटा मोजक्याच असल्यानं उडीला त्यातलीच एक उसनी घ्यावी लागते. आणि घड्याळात १०० उरले की धून धावायला लागते. घाई करा असं कुणी लिहून दाखवत नाही. छातीच सांगते.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या भागातल्या माणसाच्या कानाशी थेट जोडलेली आहे. तिशी-चाळिशीतल्या पुष्कळांना मूळ मारिओ ऐकल्यावर काहीतरी वेगळं वाटतं. जरा जास्त चपळ, जरा जास्त मऊ. त्यांचा कान बरोबर आहे. आपल्याला लातूरच्या गंजगोलाईत किंवा औरंगाबादच्या बाजारात गेमचे जे डबे मिळायचे ते निन्टेन्डोचे नव्हते, फॅमिकॉमच्या नकला होत्या. अशा बऱ्याच नकलांच्या चिपमध्ये एक घोळ होता. चौकोनी लहरीचा आकार ठरवणाऱ्या दोन जागांची अदलाबदल झालेली. सूर तोच यायचा, पण पोत बदलायचा. जिथं पोकळ बासरीसारखं वाजायला हवं तिथं बारीक नाकातलं वाजायचं, आणि उलट. शिवाय आपले टीव्ही सेकंदाला ५० चित्रांचे, जपानचे ६० चे. गेममधलं संगीत त्या चित्रांच्या ठोक्यावर पुढं सरकतं. म्हणून ५० वर चालणाऱ्या डब्यात तीच धून सहाव्या हिश्शानं संथ व्हायची. टोकिओतल्या पोरानं ऐकलेला मारिओ आणि अंबाजोगाईतल्या पोरानं ऐकलेला मारिओ ही एकाच चिजेची दोन घराण्यांतली गायकी आहे. कुणाकडं तसा जुना डबा अजून माळ्यावर पडला असेल तर भंगारात घालू नका. तो आवाज मूळ यंत्रातून मिळणार नाही.

पायरी तिसरी : मग कुठं जायचं

तुमच्या घरातलं पोरगं पबजी किंवा तसलंच काही खेळत असेल तर त्याला मारिओची सक्ती करू नका. त्याच्या लॉबीत वाट बघताना जे वाजतं तिथून सुरू करा आणि विचारा, मॅच सुरू झाल्यावर हे बंद का होतं? उत्तर तो स्वतःच देईल. पावलं ऐकू यायला पाहिजेत ना! शांतता हाही संगीतकाराचाच निर्णय, एवढं त्याला कळलं की पुढचं सोपं.

मोठ्यांसाठी माझा क्रम असा. 'स्पेस इन्व्हेडर्स', १९७८ : खाली उतरणारे चार सूर, बस्स. शत्रू कमी होत जातात तसे ते सूर जलद होतात, आणि तिथून गेमचं संगीत खेळणाऱ्याच्या हाताशी बांधलं गेलं. मग गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा १९८९ चा 'टेट्रिस' : ती धून म्हणजे फेरीवाला आणि एका मुलीचं रशियन लोकगीत. त्याच साली आलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया', जो आपण कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की खेळायचो. त्याचं संगीत गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांनी केलंय. १९९० चा 'सुपर मारिओ वर्ल्ड' : मारिओ योशी नावाच्या डायनासोरवर बसला की चालू धूनेत हातानं वाजवायच्या ढोलाचा ठेका मिसळतो, उतरला की जातो. धून तुटत नाही. किती बारीक काम आहे ते बघा.

शेवटी दोन मोठी वाद्यवृंदाची कामं. 'जर्नी' या गेमचं ऑस्टिन विंटोरी यांनी केलेलं संगीत, २०१२, एका बैठकीत पूर्ण ऐकायचं. आणि 'सिव्हिलायझेशन ४'साठी क्रिस्टोफर टिन यांनी केलेलं 'बाबा येतू', जी स्वाहिली भाषेतली ख्रिस्ती प्रार्थना आहे. २०११ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं, गेमसाठी लिहिलेल्या संगीताला मिळालेलं पहिलं. ज्यांच्या घरात रोज हरिपाठ होतो त्यांना ती शब्द न कळताही कळते. आमच्या आबांना कळली होती.

ऐकताना संगीतकाराचं नाव वाचायची सवय लावा. अल्बम अधिकृत असेल तर नाव असतं, कुणीतरी उचलून टाकलेला असेल तर बहुतेक वेळा नसतं. चित्रपटगीताला संगीतकार असतो हे आपण कधी विसरत नाही. इथंही विसरू नये.

पायरी चौथी : मालिकांकडे वळा, पण दहा भागांपासून

विनोदी मालिकांत नवा माणूस एक चूक हमखास करतो. तो तीस सेकंदांच्या तुकड्यांपासून सुरू करतो. तुकड्यात फक्त शेवटचं वाक्य असतं, त्याच्याआधीची दहा मिनिटं नसतात. फटाका दिसतो, वात दिसत नाही. त्यामुळं पूर्ण भाग बघा आणि अशी मालिका निवडा जी संपवता येईल.

जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' घ्या. १९८९, दूरदर्शन, भाग फक्त दहा. एकेक भाग रोजच्या एकेका दुखण्यावर. पीएचडीच्या विद्यार्थ्याकडून घरची कामं करून घेणारे मार्गदर्शक असलेला भाग आधी बघा. शिक्षणासाठी शहरात खोली करून राहिलेल्या आपल्या पोरांना त्यात काहीही समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर एक विडंबनगीत असतं, ते टाळू नका. पैसा कमी, जागा साध्या, आणि भट्टींच्या चेहऱ्यावर सुरकुतीही हलत नाही. आमच्या पिढीला निदान नाव माहीत आहे, भाच्याच्या वर्गात मात्र कुणी ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतर 'ये जो है जिंदगी', १९८४. तीत सतीश शहा प्रत्येक भागात वेगळा माणूस होऊन येतात. सलग चार भाग बघा आणि फक्त त्यांची चाल आणि खांदे बघा, चेहरा नको. मग १९८८ ची 'वागले की दुनिया', आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली. अंजन श्रीवास्तव यांचा वागले कुठल्याही तालुक्याच्या बँकेत बसलेला असू शकतो.

आणि मग मराठी. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ पासून चार वर्षं चालली. दिलीप प्रभावळकरांनी 'अनुदिनी' हे सदर लिहिलं होतं, त्यात टिपरे कुटुंबातले सगळे आपापली रोजनिशी लिहितात. त्यावरून केदार शिंदे यांनी ही मालिका केली. तीत कुणीही दुष्ट नाही. भांडणं आहेत, पण ती मिटण्याजोगी. आज मालिकेत खलनायिका नसली तर ती चालेल का अशी शंका लोक घेतात. ही चार वर्षं चालली. माझ्या मते मराठी टीव्हीवरचं विनोदाचं हे सगळ्यात समजूतदार काम आहे, आणि त्याच्याबद्दल जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

वेळ चुकल्यानं मागं पडलेली मालिका कशी असते ते बघायचं तर 'साराभाई वर्सेस साराभाई' बघा. २००४ ला सुरू झाली, तेव्हा प्रेक्षक फारसे मिळाले नाहीत, २००६ ला थांबली. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं ते पुनर्प्रक्षेपणांतून, नंतर.

शोधताना नाव देवनागरीत टाका, मग रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी टाका. दूरदर्शनचं बरंच जुनं साहित्य प्रसार भारतीच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर आलेलं आहे. आधी तिथं बघा. आणि दूरदर्शनवरचं फार जुनं काही सापडलं नाही तर हळहळ करत बसू नका. त्या काळी टेप महाग होती, एकाच टेपवर पुन्हा चित्रण व्हायचं. काही गोष्टी तशाच पुसल्या गेल्या. म्हणूनच जे उरलंय ते बघायचं.

पायरी पाचवी : बोलणाऱ्याकडं नको, ऐकणाऱ्याकडं बघा

धून चार वेळा ऐकली तसा आवडलेला एक प्रसंग तीन वेळा बघा. पहिल्यांदा हसा. दुसऱ्यांदा जो बोलतोय त्याला सोडून द्या आणि समोर जो गप्प उभा आहे त्याच्याकडं बघा. विनोद बहुतेक वेळा त्याच्या चेहऱ्यावर घडतो. बोलणारा फक्त चेंडू टाकतो. तिसऱ्यांदा पडदा झाकून नुसतं ऐका, आणि हशाच्या आधी किती शांतता आहे ते बोटावर मोजा. एक मात्रा, दीड, दोन. हीच ती खर्जात सोडलेली जागा.

आपल्या लोकांना हे शिकवावं लागू नये. पैठणच्या एकनाथांची भारुडं गावोगाव होतात, आणि भारूड करणारा ओळ म्हणून झाल्यावर लोकांकडं बघत थांबतो ते उगाच नसतं. छत्रपती संभाजीनगरचे लक्ष्मण देशपांडे एकटे उभे राहून 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासहून जास्त माणसं उभी करायचे, तीही आपल्या बोलीत. ही मालिका नाही, नाट्यप्रयोग आहे. पण त्याचं ध्वनिमुद्रण एकदा डोळे मिटून ऐका. एका पात्राचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या फटीत काहीच नसतं, आणि तरी माणूस बदललेला कळतो.

पायरी सहावी : वही

शंभर पानी वही पुरते. तारीख, काय ऐकलं किंवा बघितलं, कितव्या मिनिटाला काय घडलं, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. शेवटचा रकाना कुणी सांगत नाही, मी आग्रहानं सांगतो. लहानपणी मी टेपरेकॉर्डर टीव्हीपाशी धरून गेमचं संगीत कॅसेटवर भरायचो. मारिओच्या धूनेत मधेच भांडं पडतं, आईचा आवाज येतो, "दूध वर आलं का बघ." आज ती कॅसेट मला मूळ अल्बमहून मोलाची वाटते, कारण ते संगीत कुठं जगलं ते तिच्यात आहे. माझ्या वहीतली एक नोंद अशी : "२ जून. पहाट. पाण्याखालची धून. बाहेर घागरी भरणं चालू. नळाची धार चारात पडत नव्हती, तीनात पडत होती, किंवा मला तसं वाटलं."

पायरी सातवी : गच्ची

महिन्यातून एकदा लोक बोलवा. उन्हाळ्यात रात्री नऊनंतर गच्चीवर, सतरंजी टाकून. स्पीकर बॅटरीवर चालणारा घ्या, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. तासाभराचा बेत पुरे. तीन धुना, प्रत्येक दोनदा, आणि मग मालिकेचा एकच भाग, पूर्ण. कुणाला दुसरा भाग हवा असेल तरी लावू नका. पुढच्या महिन्यात येतील. विनोद समजावून सांगू नका, कुणी हसलं नाही तरी चालतं. धून लावायच्या आधी मात्र एका वाक्यात सांगा की गेममध्ये ही कधी वाजते. एवढी माहिती नसेल तर नवख्याला ती नुसती चाल वाटते.

म्हाताऱ्या माणसांना आवर्जून बसवा. ती गेमच्या संगीताला नाक मुरडतील असं मलाही वाटायचं. भाचा होता त्या महिन्यात आम्ही गच्चीवर बसलो तेव्हा मी मारिओ मरतो तेव्हाची धून लावली, जेमतेम तीन सेकंदांची. लोक काही म्हणायच्या आधी मागून आईचा आवाज आला.

"ही? ही मला ठावी हाय."

भाचा वळून बघायला लागला. "आज्जे, तू कवा खेळलीस?"

"मी कशाला खेळू? भाकरी थापत असायची मी आत. हे वाजलं की कळायचं, ह्याचं पोरगं मेलं, आता हातातलं खाली ठेवील. मग हाक मारायची, जेवायला ये म्हणून. आधी मारली तर येत नव्हता."

मी ती धून पुन्हा लावली. आई म्हणाली, "हां. आता वाढ."